नागपुरातून ऑनलाइन रायटिंगचं काम करायचं आहे, कोणत्या साइटवर खरंच पैसे मिळतात?

काटोलची_लेक

सगळ्यांना नमस्कार. मी काटोलकडची, सध्या मानेवाड्याला रूम करून राहते, बीएस्सी अ‍ॅग्री झालं आहे आणि एमपीएससीचा अभ्यास करून राहिली आहे. अभ्यास सांभाळून दिवसाचे तीन-चार तास निघतात, त्यात लिहायचं काम करावं आणि निदान रूमचं भाडं, मेसचे पैसे आपले आपण काढावे असं डोक्यात आहे, घरी मागायचं आता नको वाटतं. मराठी तर घरचीच आहे, इंग्रजी लिहायला ठीक आहे, बोलताना अडखळते थोडी.

अपवर्क आणि फायवर या फ्रीलान्स कामाच्या दोन्ही साइटवर प्रोफाइल बनवली. अपवर्कवर आर्टिकल रायटर पाहिजे असं दिसलं की प्रपोजल टाकते, कुणाचं उत्तर येत नाही आणि ते कनेक्ट्स, म्हणजे प्रपोजल टाकायला लागतात ते पॉइंट, संपत चालले. फायवरवर तर कोणी फिरकलंच नाही. एका साइटवाल्याने शब्दाला २० पैसे सांगितले, ते घ्यावं का हे कळून नाही राहिलं. आणि एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घरबसल्या कंटेंट रायटिंगचं काम आहे म्हणतात, रोजचे पैसे रोज, पण आधी १५०० रुपये रजिस्ट्रेशन भरायचं, आधारचा फोटो द्यायचा आणि एका अ‍ॅग्रीमेंटवर सही करायची. मैत्रीण म्हणते भरून टाक, १५०० तर दोन दिवसात निघतात.

शिवाय आता एआय आल्यावर हे काम उरलं तरी आहे का? मराठीत लिहू की इंग्रजीत? ज्यांचं प्रत्यक्ष चालू आहे त्यांनी सांगा प्लीज.

मानेवाडा_चौक

बाकीचं नंतर वाच, आधी हे वाच. ते १५०० भरू नको. आधार देऊ नको. सही तर अजिबात करू नको.

काम देणारा पैसे देतो, घेत नसतो. हा प्रकार आमच्या ओळखीतल्या एका मुलीसोबत झाला म्हणून एवढं कळवळून सांगून राहिलो. आधी टायपिंगचं काम म्हणून शेकडो पानं दिली, थोड्या दिवसांत पूर्ण करा म्हणे, ते माणसाच्यानं होण्यासारखंच नव्हतं. मग अ‍ॅक्युरसी कमी आली म्हणून पैसे नाही आणि वरून अ‍ॅग्रीमेंट मोडलं म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर वकिलाच्या नावाची नोटीस, इतके हजार भरा नाहीतर कोर्टात या. पोरगी रात्ररात्र झोपली नाही, घरी सांगायची हिंमत नव्हती. यांचा धंदा त्या नोटिशीवरच चालतो, लेखाबिखाशी त्यांना काही घेणं नाही.

कोणी आधीच अडकलं असेल आणि हे वाचत असेल तर एक रुपया पण देऊ नका, स्क्रीनशॉट ठेवा, १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार टाका, आणि घरच्यांना सांगा, खरंच सांगा.

दुसरं, अपवर्कवर पण कोणी कॉन्ट्रॅक्टच्या आधीच टेलिग्रामवर या म्हटलं तर समजून जा. तिथल्या नियमात ते बसतच नाही.

कंटेंटवाली_धरमपेठ

वरच्या दादांनी सांगितलं ते सगळं बरोबर, त्यात मी भर घालत नाही.

मी घरूनच हे काम करते, बरीच वर्षं झाली, आणि तुझ्यासारख्या मुली विचारतात तेव्हा पहिला प्रश्न नेहमी कोणती साइट हाच असतो. माझं मत आहे की आधी विषय ठरव, साइट नंतर. का ते सांगते, पण त्याआधी साइटचा घोळ मिटवू कारण सगळ्या एकाच माळेचे मणी नाहीत.

अपवर्क, फ्रीलान्सर डॉट कॉम इथे काम देणारा जाहिरात टाकतो आणि आपण बोली लावतो. अपवर्कवर बोलीला कनेक्ट्स लागतात, विकत घेतले तर एक ०.१५ डॉलरला पडतो आणि एका कामाला बरेच लागतात, म्हणजे अर्ज करायचाच खर्च आहे, दिसेल तिथे टाकत सुटायचं नाही. फायवरवर उलटं आहे, तिथे आपण आपली सेवा मांडून बसायचं आणि गिऱ्हाईक शोधत येतं, फायवर आपल्या कमाईतले २० टक्के कापतं आणि ऑर्डर पूर्ण झाल्यावर नवीन माणसाला १४ दिवस पैसे काढता येत नाहीत. कॉन्स्टंट कंटेंटसारख्या ठिकाणी आधीच लिहून तयार ठेवलेला लेख विकता येतो. टेक्स्टब्रोकर, आयरायटर ही शब्दांवर भाव असलेली दुकानं, त्यातलं अमेरिकेचं टेक्स्टब्रोकर अमेरिकेतल्याच लेखकांना घेतं त्यामुळे तिथे वेळ घालवू नको. आणि कंटेंटली किंवा आपल्याकडची पेपर कंटेंट, इथे कंपनी मधे असते, लेखकाचं काम पाहून निवड करते आणि मग ग्राहकाचं काम लेखकाकडे येतं, भाव बरा पण आत शिरायलाच आधीचं काम दाखवावं लागतं.

आता २० पैसे. हजार शब्दांचे २०० रुपये झाले. हजार शब्दांचा बरा लेख म्हणजे वाचायला दीड तास, लिहायला दोन, तपासणं आणि गिऱ्हाइकाने सांगितलेले बदल मिळून एक, असे साडेचार तास धर. तासाला ४५ रुपये पण पडत नाहीत, आणि तुझे तास तर परीक्षेतून कापून आलेले आहेत. शब्दाचा भाव कोणी सांगितला की लगेच तासाचा काढून पाहत जा, मग घ्यावं की नाही हे कोणाला विचारावं लागत नाही. लोक म्हणतात सुरुवातीला कमी भावात कर, अनुभव मिळतो. मला हे पटत नाही. २० पैशाच्या कामात कोणी तुझं लिखाण सुधारून देत नाही, तुझं नाव लागत नाही, आणि तो लेख नमुना म्हणून दाखवायची परवानगी पण बहुतेक वेळा नसते. मग अनुभव म्हणून हातात राहतं काय?

आता विषयाचं. तू आर्टिकल रायटर म्हणून उभी राहिलीस तर जगभरातल्या सगळ्या आर्टिकल रायटरांच्या रांगेत उभी आहेस, आणि त्या रांगेत आता एआय पण आहे. पण अ‍ॅग्रीची डिग्री, घर काटोलला, संत्रापट्ट्यात, आणि इंग्रजी-मराठी दोन्ही लिहिते अशी माणसं किती असतील त्या साइटवर? ठिबकवाल्या कंपन्या, खतं-औषधांच्या कंपन्या, शेतमाल एक्सपोर्ट करणारे, शेतकऱ्यांसाठी अ‍ॅप बनवणारे, या सगळ्यांना लिहिणारे लागतात, आणि त्यांना मिळतात ते शहरात बसून गुगल करून लिहिणारे. ज्याला आंबिया आणि मृग या संत्र्याच्या दोन बहारांतला फरक माहीत नाही तो संत्र्यावर काय लिहिणार? तुझ्याकडे हे फुकटात आलेलं नाही, लहानपणापासून बागेत राहून आणि चार वर्षं शिकून आलेलं आहे, त्याचे पैसे घे.

म्हणून पुढचे काही दिवस प्रपोजल पूर्ण बंद ठेव आणि तीन नमुने लिही. एक इंग्रजीत, आंबिया बहारासाठी बागेला ताण का देतात, डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडतात ते हलक्या जमिनीत कमी दिवस आणि भारी जमिनीत जास्त का. एक मराठीत, शेतकऱ्याला समजेल असं, खोडातून डिंक गळतो तो डिंक्या रोग कसा ओळखायचा आणि बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप, कशी लावायची. तिसरा कापसावर, गुलाबी बोंडअळी आणि फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावर तेच पीक पुढे ठेवणं, का घेऊ नये. आणि नागपुरात बसून तुला जी सोय आहे ती पुण्या-मुंबईच्या लेखकाला नाही, लिंबूवर्गीय फळांची राष्ट्रीय संस्था इथेच अमरावती रोडवर, कापसाची केंद्रीय संस्था पण नागपुरातच. त्यांचं छापील आणि ऑनलाइन साहित्य वाच, लेखात माहिती कुठून घेतली ते लिही. काम देणारा सगळ्यात आधी हेच पाहतो की हिने मनाने ठोकलं की तपासून लिहिलं.

नमुने मीडियमवर किंवा लिंक्डइनवर टाक, नाहीतर साधी गुगल डॉकची लिंक पण चालते. वेबसाइट विकत घ्यायची काही गरज नाही आत्ता.

मग प्रपोजल. गिऱ्हाइकाला यादीत पहिल्या दोनच ओळी दिसतात, त्यात डिअर सर आय अ‍ॅम हार्डवर्किंग असं असलं तर तो पुढे जातो. पहिल्याच ओळीत त्याच्या कामाचं बोल. म्हणजे असं की तुम्हाला संत्र्यावरच्या रोगांची माहिती पाहिजे, आमच्या घरी बाग आहे, कोळशी आणि डिंक्या दोन्ही मी झाडावर पाहिले आहेत, याच विषयावरचा माझा लेख इथे आहे. बस, एवढंच आणि खाली किती दिवसात देशील आणि किती घेशील. टाकण्याआधी त्याचंही प्रोफाइल पाह, पेमेंट व्हेरिफाइड आहे का, आधी किती लोकांना काम दिलं, लेखकांनी त्याच्याबद्दल काय लिहिलं. नवीन खातं, व्हेरिफाइड नाही आणि ५० लेख पाहिजे असं असेल तर कनेक्ट वाया घालवू नको.

फुकट टेस्ट लेख मागितला तर देऊ नको. अपवर्कच्या नियमातच फुकट काम मागायला मनाई आहे. काही लोक दहा जणांना दहा वेगळे विषय देतात आणि दहा लेख गोळा करून गायब होतात. नमुने आहेत ते पाहा म्हण, आणखी पाहिजे असेल तर ३०० शब्दांची टेस्ट पैसे घेऊन.

बर्डीवाला_भाऊ

धरमपेठवाल्या ताईचं विषयाचं बोलणं शंभर टक्के पटलं, पण मी म्हणतो त्या फॉरेनच्या साइटवर डोकं कायले फोडायचं बाप्पा? माह्यं सगळं काम नागपुरातलंच हाय आणि रायटिंगवरच घर चालून राहिलं.

पाह्य, रामदासपेठेत डॉक्टर लोकायचे दवाखाने किती हायेत, सगळ्यायले वेबसाइट पाह्यजे, त्यावर मराठीत माहिती पाह्यजे, गावाकडून येणारा पेशंट इंग्रजी वाचत नाही. धरमपेठेतले क्लासेसवाले. पेंच-ताडोबाचे रिसॉर्टवाले, त्यायचा सीझन १ ऑक्टोबरले सुरू होते, पावसाळ्यात जंगलाचा आतला कोअर भाग बंद असते आणि तवाच त्यायले वेबसाइट नवीन करायची आठवण येते, तर ऑगस्टमधे मेल टाकला की काम भेटते, नोव्हेंबरात टाकला तर कोणी पाहत नाही. आणि तुह्यासाठी तर वरुडकडल्या, शेंदूरजना घाटच्या कलमांच्या नर्सऱ्या, शेतकरी उत्पादक कंपन्या, ठिबकचे डीलर. यायच्यातले कितीतरी लोक फेसबुकवर अन् यूट्यूबवर हायेत, पण लिहिणारं कोणी नाही त्यायच्याकडं.

पहिले जाऊन भेट. मेलनं नाही होत नागपुरात, माणूस तोंड पाहते. तुह्या लेखाचं एक प्रिंट घेऊन जा आणि त्यायच्याच वेबसाइटवरचं एक चुकीचं पान दाखव, इथं असं लिहिलं हाय, असं पाह्यजे होतं. अर्धे पैसे आधी, अर्धे काम दिल्यावर, आणि हे व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना लिहून घेजो. ओळखीचा हाय म्हणून लिहून नाही घेतलं तर पैसे मागायचे वांधे होतात, ओळखीच्यालेच मागायले जास्त जड जाते.

कंटेंटवाली_धरमपेठ

भाऊ, तुमचं बरोबर आहे आणि रिसॉर्टचं सीझनचं तर मलाही नवीन होतं. पण एक फरक सांगते. ही मुलगी परीक्षेचा अभ्यास करते, तिला दुपारी बर्डीवर आणि रामदासपेठेत चकरा मारणं जमणार नाही, आणि लोकल गिऱ्हाइकाचा फोन रात्री दहाला पण येतो. साइटवर निदान पैसे आधी जमा असतात. अपवर्कवर फिक्स कामात गिऱ्हाईक माइलस्टोनचे, म्हणजे कामाच्या टप्प्याचे, पैसे आधी एस्क्रोत, म्हणजे अपवर्ककडे राखून, टाकतो, तू काम सबमिट केलं आणि त्याने १४ दिवस काहीच केलं नाही तर पैसे आपोआप सुटतात. फक्त एक पाहायचं, माइलस्टोन फंडेड दिसल्याशिवाय एक ओळ पण लिहायची नाही. तू लिही, मी उद्या टाकतो पैसे, असं म्हणणाऱ्याला सरळ सांग की टाकल्यावर सुरू करते.

आणि तिथे भेटलेल्या गिऱ्हाइकाला बाहेरून यूपीआयने दे म्हणू नको, कमिशन वाचवायच्या नादात खातं बंद होतं. अपवर्कवर दोन वर्षं त्या गिऱ्हाइकाचं पेमेंट त्यांच्याकडूनच घ्यावं लागतं.

काटोलची_लेक

एवढं सगळं लिहिलं तुम्ही सगळ्यांनी, खरंच मनापासून आभार. ते १५०० भरले नाही, ग्रुप सोडला आणि मैत्रिणीला पण हे वाचायला दिलं, ती पण भरणार होती.

ताई, बागेचा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता, मी तर प्रोफाइलवर लाइफस्टाइल, ट्रॅव्हल, टेक असं सगळं टाकलं होतं, आता काढते. दोन गोष्टी अजून. मराठीत काम असतं का या साइटवर, आणि त्याचा भाव कसा लावायचा? आणि एआयने लिहिलं असा आरोप केला तर काय करायचं, एका ठिकाणी वाचलं की लोकांचे पैसे अडकवतात असं म्हणून.

अनुवादक_प्रतापनगर

मराठीचं मी सांगतो, मी इंग्रजी-मराठी अनुवाद करतो.

थेट मराठीत लेख लिहायचं काम त्या मोठ्या साइटवर कमी निघतं, अनुवाद, सबटायटल, अ‍ॅपचा मजकूर मराठीत करणं, कोणी केलेला अनुवाद तपासणं हे जास्त निघतं. अपवर्कवर मराठी हा शब्द टाकून सेव्ह सर्च करून ठेव, रोज उगाच चाळत बसायचं काम नाही. अनुवादासाठी प्रोझ डॉट कॉम ही वेगळी जागा आहे, १९९९ पासूनची, तिथे एजन्सीबद्दल बाकीच्या अनुवादकांनी दिलेले शेरे पाहता येतात, कोणती एजन्सी पैसे वेळेवर देते ते आधीच कळतं.

भावाचं नीट ऐक कारण इथे आपल्या लोकांचं हमखास नुकसान होतं. अनुवादाचा भाव नेहमी मूळ इंग्रजी शब्दांवर घ्यायचा, मराठी शब्दांवर नाही. इंग्रजीत फ्रॉम द ट्रीज इन द गार्डन हे सहा शब्द होतात, आपल्याकडे बागेतल्या झाडांवरून, दोनच. आपण प्रत्यय, शब्दयोगी अव्ययं सगळं जोडून लिहितो, त्यामुळे तेवढाच मजकूर मराठीत कमी शब्दात बसतो आणि मराठी शब्द मोजून बिल केलं तर मेहनत तेवढीच आणि पैसे कमी. थेट मराठी लेखाचं काम असेल तर शब्दावर घेऊच नको, लेखाचे म्हणून एकरकमी सांग.

मशीनने केलेला अनुवाद सुधारून द्या असं काम आजकाल खूप येतं, त्याला पोस्ट-एडिटिंग म्हणतात आणि भाव कमी देतात. हो म्हणण्याआधी त्यातलं एक पान मागून पाह. शेतीच्या मजकुरात तर मशीन असे घोळ घालतं की प्रत्येक वाक्य नव्याने लिहावं लागतं, मग तो पूर्ण अनुवादच झाला, भाव पण अनुवादाचाच सांगायचा. हे मी चिडून नाही सांगत, त्या मजकुरावर भरवसा ठेवून शेतकरी फवारणी करणार असतो, औषधाचं प्रमाण चुकलं तर पीक जातं. तुझ्यासारखी शेती शिकलेली व्यक्ती ते तपासायला पाहिजेच.

आणि टायपिंग युनिकोडमधेच कर, इन्स्क्रिप्ट कीबोर्ड शिकून घे. बर्डीवरचे काही डीटीपीवाले, छापखानेवाले अजून श्रीलिपी, कृतिदेव या जुन्या फॉन्टमधे मागतात, त्यांच्यासाठी फाइल बदलून देता येते, पण युनिकोड नसलेला मजकूर वेबसाइटवर नुसती अगम्य अक्षरं दिसतात.

कंटेंटवाली_धरमपेठ

एआयचं. चॅटजीपीटी २०२२ च्या नोव्हेंबरात आलं आणि त्यानंतर ते टॉप टेन टिप्स टाइप स्वस्तातलं काम आटलं हे खरं आहे, मी स्वतः पाहिलं. आता त्याच साइटवर एआयने लिहिलेलं माणसासारखं करून द्या अशा जाहिराती दिसतात, फार कमी भावात, तिकडे जाऊ नको, त्यात तुझ्या शिक्षणाचा काहीच उपयोग नाही.

आरोपाचं म्हणशील तर ते तपासायचे जे टूल आहेत ते खात्रीचे नाहीत. ओपनएआय म्हणजे ज्यांनी चॅटजीपीटी बनवलं त्यांनीच स्वतःचं ओळखायचं टूल २०२३ च्या जानेवारीत आणलं आणि अचूक येत नाही म्हणून जुलैत मागे घेतलं. गिऱ्हाइकाला हे सांगायचं, शांतपणे. पण नुसतं सांगून भागत नाही म्हणून लेख पहिल्या ओळीपासून गुगल डॉकमधेच लिहायचा, त्यात व्हर्जन हिस्टरी राहते, कधी काय लिहिलं, काय खोडलं सगळं दिसतं. ती दाखवायची. शिवाय बागेतले फोटो, कोणाशी बोललीस त्याच्या नोंदी, कोणतं पत्रक वाचलंस, हे जवळ असलं की वाद लवकर मिटतो. आणि कामाच्या आधीच विचारून घे की एआय अजिबात चालणार नाही का, की व्याकरण तपासायला चालतं. प्रत्येकाचा नियम वेगळा आहे.

सीए_आर्टिकलशिप_महाल

पैशाचं कोणी बोललं नाही म्हणून मी लिहितो. मी सीए करतोय, महालात एका फर्ममधे आर्टिकलशिप चालू आहे, असे फ्रीलान्सर येतात आमच्याकडे आणि मार्च-जुलैत धावपळ करतात.

परदेशी गिऱ्हाइकाचे पैसे पेपल किंवा पेओनिअरने येतात, अपवर्क सरळ भारतीय बँकेत पण पाठवतं. पेपल १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात पेमेंट करत नाही, त्यामुळे पुण्याच्या कंपनीला पेपल करा म्हणू नको, त्यांच्याकडून बँकेत घे. बाहेरून आलेल्या प्रत्येक रकमेचा कागद, एफआयआरए म्हणतात, तो डाउनलोड करून एका फोल्डरमधे ठेवत जा. पैसे बाहेरून आले म्हणून टॅक्स नाही असं कोणी सांगत असेल तर चूक आहे, इथे राहून कमावलं म्हणजे उत्पन्नात दाखवायचंच.

भारतातली कंपनी फी देताना वर्षाला ५०,००० च्या वर गेली की १० टक्के टीडीएस कापते. आधी ही मर्यादा ३०,००० होती, एप्रिल २०२५ पासून ५०,००० झाली. पॅन दिला नाही तर २० टक्के कापतात, म्हणून बिलावर पॅन टाकायचाच. कापलेला पैसा बुडत नाही, इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर आपल्या नावावर दिसतो आणि उत्पन्न टॅक्सच्या मर्यादेच्या खाली असेल तर रिटर्न भरून परत मिळतो. पुष्कळ मुलं रिटर्न भरतच नाहीत आणि तो पैसा सोडून देतात, वाईट वाटतं पाहून.

जीएसटी नंबर वर्षाला २० लाखाच्या आत सेवेला लागत नाही, कोणी घाबरवलं तरी आत्ता घेऊ नको. तेवढं झालं की सीएला विचार.

बर्डीवाल्या भाऊंनी पैसे अडकायचं म्हटलं त्यावर एक खूप कामाची गोष्ट. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे लहान व्यवसायाची सरकारी नोंदणी, करून घे, सरकारी पोर्टलवर आधार-पॅनवर होतं, एकदम फुकट आहे, त्याचे पैसे मागणाऱ्या खोट्या साइट पण आहेत त्या टाळ. उद्यम असलं की लहान उद्योगांसाठीचा २००६ चा एमएसएमईडी कायदा लागू होतो, त्यात काम घेणाऱ्याने ठरलेल्या मुदतीत आणि जास्तीत जास्त ४५ दिवसात पैसे द्यायचे, लेखी काही ठरलं नसेल तर १५ दिवसात. नाही दिले तर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज आणि सरकारच्या एमएसएमई पोर्टलवर तक्रार टाकता येते. फक्त उद्यम कामाच्या आधी काढलेलं पाहिजे, पैसे अडकल्यावर काढून उपयोग होत नाही. बिलाच्या खाली उद्यम नंबर लिहिलेला दिसला की कंपनीचे अकाउंटवाले आपलं बिल वर घेतात, कारण ही मुदत उलटली आणि मार्चअखेरपर्यंतही दिलं नाही तर त्यांना टॅक्समधे तो खर्च त्या वर्षात दाखवता येत नाही.

बर्डीवाला_भाऊ

हे उद्यमचं मले माहीतच नव्हतं भाऊ, आजच काढतो. दोन जणायकडं दिवाळीच्या आधीपासून बिलं पडून हायेत.

सीए_आर्टिकलशिप_महाल

त्या जुन्या दोन बिलांना नाही चालणार भाऊ, पण त्याच लोकांचं पुढचं काम घ्याल तेव्हा चालेल. जुन्यासाठी आधी एक साधं पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, बिलाची तारीख आणि रक्कम टाकून. जीपीओत जाऊन पोचपावतीसह करा.

काटोलची_लेक

उद्यमचं करते लगेच. प्रोफाइलवरचं सगळं काढून फक्त शेती, फळबाग, इंग्रजी-मराठी एवढं ठेवलं. डिंक्याचा लेख मराठीत लिहायला घेतला, बाबांना फोन लावला तर तेच अर्धा तास बोलत राहिले, कोणत्या ओळीत आधी आला, पाणी साचलेल्या कोपऱ्यातून कसा पसरला. त्यांचं बोलणं तसंच लेखात घेतलं तर चालेल का, की ते घरगुती वाटेल? आणि फोटो आमच्याच बागेतले टाकू का, झाडं खराब झालेली आहेत त्यात.

कंटेंटवाली_धरमपेठ

चालेल काय, तेच पाहिजे. बाबांचं निरीक्षण त्यांचं म्हणून दे आणि त्याच्या शेजारी संस्थेची शिफारस काय आहे ते दे, दोन्ही कुठे जुळतं, कुठे नाही ते पण लिही. बोर्डो पेस्टचं प्रमाण मात्र बाबांच्या आठवणीवर न जाता छापील शिफारशीतून घे. फोटो खराब झाडांचेच टाक, खोडाजवळून, डिंक नीट दिसेल असे, सकाळच्या उजेडात. फोटोखाली महिना आणि झाडाचं वय लिही. झालं की लिंक इथे टाक, मी आणि प्रतापनगरवाले दादा दोघं वाचून देतो.

अनुवादक_प्रतापनगर

हो, टाक. आणि तोच लेख मग इंग्रजीत पण कर, एका मेहनतीत दोन नमुने होतात आणि अनुवादाचं काम मागताना दोन्ही शेजारी ठेवून दाखवता येतात.